पुण्यातलं घरगुती ब्रॉडबँड: वेग बाजूला ठेवून केलेलं परीक्षण

पुण्यात नवीन ब्रॉडबँड घेताना चौकशी साधारण तीन प्रश्नांत आटोपते. स्पीड किती, सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर किती सुटतात आणि ओटीटी कोणकोणते मिळतात. भिंतीवर बसणाऱ्या डब्याचा मुख्य पासवर्ड कुणाकडे राहणार, त्याचं सॉफ्टवेअर कोण आणि कधी बदलणार, घरातल्या कॅमेऱ्यात व्हायरस शिरला तर कंपनी कळवणार का, हे कुणी विचारत नाही आणि विकणाराही आपणहून सांगत नाही. हे परीक्षण तेवढ्याच प्रश्नांचं आहे. जुन्या सोसायट्यांत गच्चीवरून वायर सोडणारे स्थानिक ऑपरेटर आणि बाणेर-वाकड-खराडीच्या टॉवरांत थेट घरापर्यंत फायबर आणणाऱ्या मोठ्या कंपन्या, दोघांनाही एकच माप लावलं आहे.

मत आधीच सांगतो. ‘सुरक्षित इंटरनेट’ नावाचं पॅक आहे की नाही यावरून कंपनी निवडू नका. तिने दिलेला राउटर आणि तक्रारीला उत्तर देणारा माणूस, या दोन गोष्टींवरून निवडा. घरच्या ग्राहकाचं खरं नुकसान तिथेच होतं किंवा टळतं.

फायबरच्या कनेक्शनमध्ये घरात जो डबा येतो त्याला ओएनटी म्हणतात. राउटर, वायफाय आणि बहुतेकदा लँडलाइनची सोयही त्यातच असते. त्याला सहसा दोन लॉगिन असतात. एक मागच्या स्टिकरवर छापलेलं. त्यातून वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलता येतो. दुसरं सगळे अधिकार असलेलं, ते कंपनीकडे राहतं. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा), फायरवॉल (बाहेरून आत शिरणारं अडवणारी भिंत), दुरून नियंत्रण ही पानं बऱ्याचदा या दुसऱ्या लॉगिनमध्येच दिसतात. कंपनी ही जबाबदारी मनापासून निभावत असेल तर सर्वसामान्य घरासाठी ही व्यवस्था चांगलीच आहे, कारण आजी-आजोबांच्या घरी फर्मवेअर, म्हणजे डब्यातलं सॉफ्टवेअर, बदलायला कोण बसणार? पण किल्ली स्वतःकडे ठेवायची आणि डब्याकडे वर्षानुवर्षं बघायचंही नाही, हे ग्राहकाला उघड्यावर सोडणं झालं.

कंपनी डबा दुरून हाताळते ती टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने. त्यासाठी डब्यावर बहुधा ७५४७ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे डब्यात शिरायचं एक दार, वापरतात. ते फक्त कंपनीच्या सर्व्हरलाच उत्तर देईल, बाकी जगासाठी बंद असेल, हे पाहणं पूर्णपणे कंपनीचं काम. ते न पाहिल्याने काय होतं ते नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत दिसलं. डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट कोलमडलं, कारण याच पोर्टवरून मिराई जातीचं मालवेअर राउटरांत घुसू पाहत होतं. मूळ मिराईची रीत याहून साधी होती. टेलनेट या दुरून लॉगिन करायच्या जुन्या पद्धतीच्या २३ आणि २३२३ या पोर्टांवर जायचं आणि कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या एकामागून एक लावून पाहायच्या. तेवढ्या भांडवलावर त्याने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. भारतात जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या मोडेमांवर हल्ला झाला, तोही मुख्यतः मूळचा ‘ॲडमिन’ पासवर्ड तसाच ठेवलेल्या मोडेमांवर, आणि पासवर्ड बदला असं ग्राहकांना सांगायची वेळ आली. या तिन्ही प्रसंगांत सामान्य माणसाने कुठलीही चुकीची लिंक दाबलेली नव्हती. चूक डब्याच्या मांडणीत होती, आणि मांडणी घरबसल्या ग्राहक करत नाही.

म्हणून कनेक्शन जोडायला माणूस आला की तो शिडी घेऊन परत जायच्या आत अर्धा तास मागून घ्या. त्याला दिवसाला अनेक घरं करायची असतात, घाई असते, ते समजून घेऊन पण ठामपणे: ‘दादा, एवढं करून मगच सही करतो.’

पहिलं काम वायफायच्या पासवर्डचं. जोडणारा माणूस सवयीने ग्राहकाचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकतो. लक्षात राहतो म्हणून घरच्यांनाही बरं वाटतं. हिशेब करून पाहा. भारतीय मोबाइल नंबर दहा आकडी, पहिला आकडा ६ ते ९ मधलाच. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. शेजारच्या इमारतीतून वायफाय जोडणीची देवाणघेवाण एकदा पकडली की पुढची तोडफोड इंटरनेटशिवाय, स्वतःच्या कॉम्प्युटरवर होते. जुन्यापैकी गेमिंग ग्राफिक कार्डसुद्धा सेकंदाला तीन-चार लाख पासवर्ड तपासतं. तीन-चार तासांत सगळे नंबर संपतात. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून लिहा, एकूण सोळा अक्षरांच्या पुढे. पाठही राहतात आणि तुटतही नाहीत.

मग ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायला सांगा. १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, काही ओएनटींना १९२.१६८.१००.१ (टाइप करताना इंग्रजी अंक वापरायचे). स्टिकरवरच्या लॉगिनचा पासवर्ड बदला. वायफाय सुरक्षेत डब्ल्यूपीए-३ असेल तर ते आणि डब्ल्यूपीए-२ मिळून असलेला पर्याय निवडा. नुसतं डब्ल्यूपीए-३ ठेवलं तर जुना टीव्ही आणि स्मार्ट प्लग जोडले जात नाहीत आणि मग कुणीतरी वैतागून सगळीच सुरक्षा काढून टाकतं. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद करा. त्याचा पिन दिसायला आठ आकडी असतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे प्रत्यक्षात ११,००० प्रयत्न पुरतात. यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना राउटरची पोर्टं आपणहून उघडू देणारी सोय) बंद करा. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मुलाची तक्रार आली तर त्या एका गेमपुरतं पाहता येईल. ‘रिमोट मॅनेजमेंट’ किंवा ‘वॅनकडून प्रवेश’ (वॅन म्हणजे राउटरची बाहेरची, इंटरनेटकडची बाजू) असं काही दिसलं तर तेही बंद. मात्र टीआर-०६९ चं पान दिसलं तर त्याला हात लावू नका, नाहीतर कंपनीकडून येणारं फर्मवेअरही थांबेल.

शेवटी ‘डिव्हाइस इन्फर्मेशन’ पानाचा फोटो काढून ठेवा. त्यात सॉफ्टवेअरची आवृत्ती असते. सहा-सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. वर्षभरानंतरही आकडा तोच असेल तर कंपनीला लेखी विचारा की या मॉडेलला निर्माता अजून दुरुस्त्या देतो का. या एका प्रश्नाला नीट उत्तर देणारी कंपनी आमच्या लेखी पहिल्या वर्गात पास.

आयपीव्ही-६ या इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे भल्याभल्यांची चूक होते. जुन्या आयपीव्ही-४ मध्ये घरातली सगळी उपकरणं, कित्येकदा अनेक घरंही, एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरून आत शिरणं आपोआप अवघड होतं. आयपीव्ही-६ मध्ये घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, कॅमेऱ्याला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. तिथे आडोसा फक्त राउटरच्या फायरवॉलचा. ती ‘लो’ किंवा ‘डिसेबल’ असेल तर कॅमेरा थेट रस्त्यावर ठेवल्यासारखा. ‘मीडियम’ किंवा ‘हाय’ करून घ्या आणि ती आयपीव्ही-६ लाही लागू आहे ना, हे विचारून घ्या.

आता स्थानिक ऑपरेटर. शहराच्या बऱ्याच भागांत नेट अजून केबलवाल्याकडूनच येतं, आणि त्यांचा मोठा गुण आम्ही मनापासून मान्य करतो: फोन केला की ओळखीचा माणूस येतो, तोही त्याच दिवशी. त्रास असतो तो जिन्यातल्या किंवा मीटर रूममधल्या स्विचमध्ये. तो साधा, नियंत्रण नसलेला स्विच असेल तर इमारतीतले सगळे फ्लॅट एकाच नेटवर्कवर येतात. मग कुणीतरी घरी नवा राउटर आणतो, सोसायटीची वायर वॅनच्या ऐवजी लॅनच्या, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या भोकात घालतो, आणि त्याचा राउटर अख्ख्या इमारतीला पत्ते वाटू लागतो. लक्षण ओळखायला सोपं आहे: एका मजल्यावर नेट चालू, दुसऱ्यावर बंद, आणि बंद असलेल्यांच्या राउटरवर वॅनचा पत्ता अचानक १९२.१६८ ने सुरू होणारा. हे चुकून झालं तर अर्ध्या दिवसाची गैरसोय. कुणी मुद्दाम केलं तर तो शेजाऱ्यांना स्वतःचा डीएनएस देऊन बँकेच्या नावावर खोट्या साइटकडे पाठवू शकतो. उपाय जुना आणि माहितीतला आहे: नियंत्रण असलेला स्विच, त्यात पोर्ट आयसोलेशन (फ्लॅट एकमेकांपासून वेगळे) आणि डीएचसीपी स्नूपिंग (पत्ते फक्त ऑपरेटरनेच वाटायचे) चालू. सोसायटीच्या सेक्रेटरीने ऑपरेटरला हे दोनच शब्द लिहून पाठवावेत. ज्याला ते समजतात तो ऑपरेटर ठेवावा.

काही ठिकाणी नेट सुरू करायला ब्राउझरमध्ये लॉगिन पान उघडावं लागतं. त्याच्या पत्त्याच्या सुरुवातीला ‘असुरक्षित’ असं दिसत असेल आणि पासवर्ड म्हणून ग्राहक क्रमांकच असेल, तर तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नका, आणि ऑपरेटरकडे त्याऐवजी राउटरमध्येच बसणारी पीपीपीओई जोडणी मागा, म्हणजे लॉगिन राउटर स्वतःच करतो.

पैसे देऊन मिळणाऱ्या पॅककडे वळू. एअरटेलने २०२१ मध्ये घरगुती फायबरसाठी ‘सिक्युअर इंटरनेट’ दरमहा ९९ रुपयांत आणलं होतं. पुढे मे २०२५ मध्ये त्याच कंपनीने फसव्या साइट अडवणारी सोय मोबाइल आणि ब्रॉडबँड ग्राहकांना वेगळे पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. आमच्या मते हीच दिशा बरोबर आहे. माहीत असलेल्या मालवेअर-साइट अडवणं हा पाण्यात क्लोरीन घालण्याचा प्रकार आहे. त्याचं वेगळं बिल येऊ नये. पैसे घेणाऱ्या पॅकमध्ये मुलांसाठी वेळापत्रक, कुठल्या उपकरणाने काय अडवलं याची यादी आणि चुकून अडलेली साइट स्वतः सोडवण्याची सोय, या तिन्ही असतील तरच विचार करा. तिसरी नसली की एखाद्या दिवशी मुलाच्या कॉलेजचा फॉर्म अडतो आणि घरचे पॅकच बंद करून टाकतात.

ही पॅकं बहुतेक डीएनएसच्या पातळीवर अडवतात. म्हणजे साइटचं नाव विचारलं की वाईट नावाला उत्तरच मिळत नाही. तेवढंच घरी फुकट करता येतं. वाईट साइट गाळणाऱ्या क्वाड-नाइन या डीएनएस सेवेचे पत्ते ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२. क्लाउडफ्लेअरचे मालवेअर अडवणारे १.१.१.२ आणि १.०.०.२, प्रौढांसाठीच्या साइटही अडवायच्या असतील तर १.१.१.३ आणि १.०.०.३. गुगलचा ८.८.८.८ वेगवान आहे, पण तो असं काही गाळत नाही, त्यामुळे ‘मी गुगलचा डीएनएस लावलाय’ यात सुरक्षा नाही. राउटरमध्ये वॅनचं पान कुलूपबंद असलं तरी ‘लॅन’ मधल्या डीएचसीपी सर्व्हरच्या पानावर डीएनएसच्या दोन चौकटी बऱ्याचदा उघड्या असतात. तिथे हे आकडे भरा, सेव्ह करा, डबा बंद-चालू करा. मग ऑन डॉट क्वाड-नाइन डॉट नेट (on.quad9.net) हे पान उघडा. तुम्ही खरंच क्वाड-नाइन वापरताय का ते तिथे कळतं. ‘नाही’ आलं तर कारण बहुधा एकच: आयपीव्ही-६ चा डीएनएस कंपनीचाच राहिला आहे आणि फोन आधी त्यालाच विचारतोय. राउटरच्या आयपीव्ही-६ च्या पानावरही बदल करावा लागतो. तो करूनही ‘नाही’ आलं तर कंपनी डीएनएसची विचारणा वाटेतच पकडून स्वतःकडे वळवत असण्याची शक्यता असते. तेव्हा अँड्रॉइड ९ किंवा पुढच्या फोनवर ‘प्रायव्हेट डीएनएस’ मध्ये क्वाड-नाइनचं नाव (dns.quad9.net) टाका. ती विचारणा कुलूपबंद पाकिटातून जाते. याचा फायदा मोबाइल डेटावरही होतो, आणि घरातला धोका खरं तर तिथेच जास्त आहे, कारण लोक घराबाहेर पडताना वायफायचं छत्र घरीच सोडून जातात.

डीएनएस कुणाचाही असला तरी घरात कोण कुठल्या साइटवर जातं याची वही त्याच्याकडे तयार होऊ शकते. कंपनीच्या अटींमध्ये ती वही किती दिवस ठेवतात आणि जाहिरातीसाठी वापरतात का, तेवढे दोन परिच्छेद शोधून वाचा. आणि सुरक्षेच्या नावाखाली फोनमध्ये ‘सर्टिफिकेट’ बसवायला सांगितलं तर साफ नाही म्हणा. त्याने बँकेच्या पानाचाही आतला मजकूर तिसऱ्याला वाचता येतो.

या गाळणीने काय थांबत नाही, तेही स्पष्ट हवं. पाइपगॅस पुरवणाऱ्या एमएनजीएलचं बिल थकलंय किंवा आज रात्री वीज तोडणार, अशा बतावणीने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, जी उघडली की फोनमध्ये ॲप बसतं. पोलिसाच्या वेशातला ‘डिजिटल अटक’ वाला व्हिडिओ कॉल. प्रतिष्ठित सेवेच्या फॉर्मवर बनवलेलं खोटं पान, ज्याचं मूळ नाव अडवलं तर अर्धं इंटरनेट बंद पडेल. अशा वेळी पैसे गेले असतील तर ब्रॉडबँड कंपनीला नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पहिल्या तासाला फार किंमत आहे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येऊ शकते.

ज्या कामात मात्र ब्रॉडबँड कंपनीला पर्याय नाही, ते म्हणजे ग्राहकाला सावध करणं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र सुरू झालं. कुठल्या आयपी पत्त्यावरून बॉटनेटची (मालवेअरने ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याची) हालचाल दिसते ते केंद्र कंपन्यांना कळवतं, आणि तो पत्ता त्या वेळी कुणाच्या घरी होता हे फक्त कंपनीच सांगू शकते. तुमच्या घरातून अशी हालचाल दिसल्याचा एसएमएस आला तर घाबरू नका, पण त्यातल्या लिंकवर न जाता सीएसके डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता स्वतः टाइप करा. तिथे बॉट काढायची मोफत साधनं आहेत, आणि त्यातलं एक आपल्या पुण्याच्याच क्विक हीलचं आहे. कॉम्प्युटर आणि फोन साफ निघाले तर संशय डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यावर. मिराईसारखी मालवेअरं नुसत्या मेमरीत राहतात. डीव्हीआर बंद-चालू केला की जातात, पण पासवर्ड जुनाच असेल तर काही मिनिटांत परत येतात. म्हणून क्रम असा: आधी इंटरनेटची वायर काढा, मग डीव्हीआर बंद-चालू करा, पासवर्ड बदला, आणि मगच वायर जोडा.

कॅमेऱ्यावरून आणखी एक. सीसीटीव्ही बसवणारे अनेकदा स्टॅटिक आयपी (कधी न बदलणारा पत्ता) घ्यायला लावतात आणि राउटरमध्ये ८०००, ५५४ किंवा ३७७७७ अशी पोर्टं उघडून ठेवतात. घरच्या चार कॅमेऱ्यांसाठी याची गरज नाही. राउटरच्या ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ पानावर काय काय उघडं आहे ते पाहा आणि ज्याचं कारण सांगता येत नाही ते पुसून टाका. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. बाहेरून कॅमेरा थेट दिसत नाही म्हणून याला लोक नावं ठेवतात. घरच्या सुरक्षेसाठी तो आडोसा चांगलाच आहे. त्याची दुसरी बाजू अशी की एका पत्त्यामागे अनेक घरं असल्याने, गुन्ह्याच्या तपासात पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ जुळवावी लागते. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशाने १८० दिवसांच्या नोंदी ठेवणं बंधनकारक केलं, ते म्हणूनच ग्राहकाच्याही हिताचं आहे.

कंपनीच्या डब्यावर विश्वास बसत नसेल तर स्वतःचा राउटर घ्या. तपकीर गल्लीत अडीच-तीन हजारांत कामापुरता मिळतो. विकत घेण्याआधी निर्मात्याच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर किती जुनं आहे ते पाहा, दोन वर्षांपूर्वीचं असेल तर तो घेऊ नका. कंपनीकडे ओएनटी ‘ब्रिज मोड’ मध्ये मागा, म्हणजे तो नेट फक्त पुढे देईल आणि राउटरचं काम तुमचा राउटर करेल. लँडलाइन किंवा टीव्ही त्याच डब्यातून येत असेल तर ते बंद पडणार नाही ना, हे आधीच विचारा. कॅमेरे, स्मार्ट प्लग आणि टीव्ही गेस्ट नेटवर्कवर टाका, बँकेचे फोन मुख्य नेटवर्कवर.

तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे हा नंबर लागतो. ग्राहक सेवेचा फोन नंबर गुगलवर शोधू नका, बिलावरचाच वापरा. खोटे नंबर वर आलेले असतात आणि पलीकडचा माणूस पहिल्या मिनिटात स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगतो. खऱ्या कंपनीला राउटर पाहायला तुमच्या फोनचा पडदा लागत नाही.

गुण द्यायचे तर मोठ्या कंपन्यांच्या फायबरला पाचपैकी साडेतीन. गाळणी आणि दुरून फर्मवेअर बदलण्याची ताकद त्यांच्याकडे आहे, पण डब्याबद्दल नेमकं उत्तर देणारा माणूस फोनवर सापडत नाही. स्थानिक ऑपरेटरांना एकच आकडा देणं अन्यायाचं होईल: जिन्यातला स्विच नियंत्रित असेल आणि राउटर तुमचा स्वतःचा असेल तर चार, नाहीतर दीड.

कनेक्शन सोडताना डबा परत न्यायला माणूस येतो. त्याच्या हातात देण्याआधी मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि दिवे पुन्हा लागेपर्यंत थांबा. तुमचा वायफाय पासवर्ड, उघडी पोर्टं आणि जोडलेल्या उपकरणांची नावं त्यात तशीच असतात, आणि तोच डबा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर लागू शकतो.